वाचकांचे प्रश्न : अपुरा उजेड, वेगवान हालचाल आणि कॅमेऱ्याची निवड

रात्रीचे कबड्डीचे सामने, नृत्याचे कार्यक्रम, नाटके आणि जत्रेतले दशावतार यांचे फोटो काढणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. विषय वेगवेगळे असले, तरी सर्वांची अडचण मुळात एकच आहे : समोरची व्यक्ती थांबत नाही आणि उजेड पुरत नाही. पहिल्या पत्राचे उत्तर सविस्तर दिले आहे. त्यातले हिशेब पुढच्या उत्तरांनाही लागू पडतात, म्हणून ते आधी वाचावे.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमच्या भागात हिवाळ्यात प्रकाशझोतातील कबड्डी स्पर्धा होतात आणि त्यांचे फोटो मी शाळेसाठी व स्थानिक वर्तमानपत्रांसाठी काढतो. माझ्याकडे कॅननचा क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा जुना डीएसएलआर, म्हणजे आतमध्ये आरसा असलेला कॅमेरा, आणि ५५–२५० मिमीची झूम लेन्स आहे. चढाई करणाऱ्या खेळाडूचे हातपाय नेहमी पुसट येतात; आयएसओ वाढवला, तर फोटोवर दाणे येतात. दुकानदार म्हणतात, ‘फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्या, सगळे प्रश्न मिटतील.’ सव्वा लाखापर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. कोणता कॅमेरा घ्यावा?

उत्तर : दुकानदारांचा सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे, आणि त्यांनी न सांगितलेला अर्धा भाग आपल्या अधिक कामाचा आहे. कॅमेऱ्याचे नाव सांगण्याआधी आपल्या फोटोत नेमके काय घडते, याचा हिशेब मांडू या.

बऱ्यापैकी उजेड असलेल्या सभागृहात किंवा मैदानावर आयएसओ (सेन्सरचा संकेत किती मोठा करायचा, तो आकडा) ३२०० आणि लेन्सचे छिद्र एफ २.८ (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे) ठेवले, तर शटरचा वेग साधारणपणे सेकंदाचा पाचशेवा भाग, म्हणजे १/५००, इतका मिळतो. आपली झूम लेन्स लांबच्या टोकाला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ ५.६ मधून एफ २.८ च्या मानाने एक चतुर्थांशच उजेड आत येतो. त्यामुळे त्याच आयएसओला आपला शटर १/१२५ वर येतो. आता चढाई करणाऱ्याचा हात सेकंदाला पाच मीटर वेगाने पुढे जात आहे असे धरा. १/१२५ सेकंदात तो चार सेंटिमीटर सरकतो. चौकटीत तीन मीटर रुंदीचे दृश्य असेल आणि फोटो ६००० पिक्सेल रुंद असेल, तर हे चार सेंटिमीटर म्हणजे ८० पिक्सेल होतात. पाचही बोटे एकमेकांत मिसळून एक फिकट पट्टा दिसतो, तो याचमुळे. हाच शटर १/१००० असता, तर हात अर्धा सेंटिमीटर, म्हणजे १० पिक्सेलच सरकला असता, आणि वर्तमानपत्राच्या छपाईत तेवढे सरकणे कोणाच्या लक्षातही आले नसते.

तेव्हा आपल्याला १/८०० ते १/१००० च्या आसपास पोहोचायचे आहे. तिथे जाण्याचे मार्ग तीनच : लेन्स अधिक उघडणारी घेणे, सेन्सर मोठा घेणे किंवा आयएसओ वाढवणे. यांपैकी पहिल्या दोहोंनी खरोखर जास्त उजेड हाती येतो. आयएसओ वाढवल्याने उजेड वाढत नाही. जो थोडा उजेड आत आला, त्याचाच संकेत मोठा करून दाखवला जातो, आणि त्याबरोबर त्यातले दाणेही मोठे होतात.

आता दोन मार्गांची तुलना करू. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो आणि कॅननचा क्रॉप सेन्सर सुमारे २२.३ × १४.९ मिमीचा. क्षेत्रफळाने फुल फ्रेम सुमारे अडीच पट मोठा आहे, म्हणजे फायदा अडीच पटींचा. उलट, एफ ५.६ ची लेन्स काढून एफ १.८ ची लेन्स लावली, तर सेन्सर तोच राहूनही सुमारे दहा पट उजेड आत येतो. यापुढची गोष्ट दुकानात बहुधा सांगितली जात नाही. अंदाजपत्रक मर्यादित असेल, तर फुल फ्रेम बॉडीबरोबर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याबरोबर) बहुतेक वेळा जी स्वस्त झूम लेन्स गळ्यात मारली जाते, ती लांबच्या टोकाला एफ ६.३ किंवा एफ ७.१ पर्यंतच उघडते. एफ ७.१ च्या झूमसह नवा फुल फ्रेम कॅमेरा आणि एफ १.८ च्या लेन्ससह आपला सध्याचा जुना कॅमेरा, असे दोन्ही शेजारी ठेवले, तर कबड्डीच्या मैदानावर आपल्या जुन्याच कॅमेऱ्यात जवळपास सहा पट जास्त उजेड जाईल. सव्वा लाख रुपये घालवून मागे जाण्याचा हा प्रकार मला फार खटकतो, कारण यात फसणारी माणसे बहुतेक वेळा आपल्यासारखी, पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून कॅमेरा घेणारी असतात.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की बॉडीला हात न लावता आधी ५० मिमी एफ १.८ ही लेन्स घ्यावी. कॅननची ही लेन्स त्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक आहे. सेकंडहँड बाजारातही ती सहज मिळते. आपल्याला वाटेल, की २५० मिमीवरून एकदम ५० मिमीवर येऊन काम कसे होईल? कबड्डीपुरते ते होते, कारण कबड्डीचे मैदान लहान असते. पुरुषांचे मैदान १३ × १० मीटरचे, म्हणजे प्रत्येक संघाकडे साडेसहा मीटर खोलीचा अर्धा भाग असतो. बचाव करणाऱ्या संघाच्या मागे, शेवटच्या रेषेपासून दोन-तीन मीटर अंतर राखून आपण खाली बसलात, तर चढाई करणारा तोंड आपल्याकडे करूनच येतो. बोनस रेषा मध्यरेषेपासून ४.७५ मीटरवर असते. याचा अर्थ बोनस घेताना तो आपल्यापासून जेमतेम चार-पाच मीटरवर असतो. मध्यरेषा धरली, तरी अंतर आठ-नऊ मीटरच्या पुढे जात नाही. क्रॉप सेन्सरवर ५० मिमीच्या लेन्समधून आठ मीटर अंतरावर साधारण साडेतीन मीटर रुंदीचे दृश्य दिसते. त्यात चढाईपटू आणि त्याच्या बाजूचे एक-दोन बचावपटू नीट बसतात. बाजूच्या रेषेवर बसून २५० मिमीने दूरचे चेहरे टिपण्यापेक्षा या जागेवरून मिळणारे फोटो कितीतरी बोलके येतात : घोट्याची पकड, मांडीला घातलेली मिठी, रेषेकडे ताणलेली बोटे, आणि या सगळ्यांबरोबर खेळाडूचा चेहरा. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, हे लक्षात ठेवून आपल्या शाळेच्या चढाया सामन्याच्या कोणत्या अर्ध्यात समोरून दिसतील, ते आधीच ठरवावे. पंचांची परवानगी मात्र आवश्यक आहे, आणि फ्लॅश तर कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. पकडीच्या क्षणी डोळ्यांवर प्रकाश पडला, तर खेळाडूला इजा होऊ शकते.

एफ १.८ ला फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढे अंतर फोटोत स्पष्ट दिसते ते, फार कमी मिळेल, अशी भीती अनेकांना वाटते. ८ मीटर अंतरावर क्रॉप सेन्सर आणि ५० मिमी यांच्या जोडीत ती सुमारे पावणेदोन मीटर असते. एका खेळाडूला, किंवा एकमेकांना भिडलेल्या दोघांना, ती पुरते. अंतर चार मीटर झाले, की ती अर्ध्या मीटरच्याही खाली येते, आणि तिथे ऑटोफोकसची कसोटी लागते.

कॅमेऱ्याची बॉडी बदलण्याचे खरे कारण ऑटोफोकस हे आहे. जुन्या, प्राथमिक वर्गातल्या डीएसएलआरमध्ये मधला एकच फोकस बिंदू कमी उजेडात भरवशाचा असतो, आणि पुढे पळत येणाऱ्या माणसाच्या मागे फोकस सतत सरकवत नेणे त्याला झेपत नाही. नवी लेन्स लावून एक संपूर्ण स्पर्धा टिपून पाहावी. शटर १/८०० ठेवूनही दहापैकी सहा-सात फोटो पुसट आले, आणि ते हलल्यामुळे नव्हे तर फोकस मागच्या माणसावर गेल्यामुळे पुसट आले असे दिसले, तर बॉडी बदलावी. दोन्हींतला फरक ओळखणे सोपे आहे. फोटोत मॅटवरची रेषा किंवा मागचा प्रेक्षक स्पष्ट आणि खेळाडू सर्वांगाने पुसट असेल, तर दोष फोकसचा. खेळाडूचे धड स्पष्ट आणि हातपायच ओढल्यासारखे दिसत असतील, तर दोष शटरचा.

बॉडी घ्यायचीच ठरली, तर आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. स्वस्त मार्ग म्हणजे सेकंडहँड कॅनन ७डी मार्क टू. हा २०१४ सालचा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आहे, सेकंदाला दहा फोटो काढतो, त्याचा ऑटोफोकस मुख्यत्वे खेळासाठीच बनवलेला आहे, आणि दिव्यांची लुकलुक ओळखून त्यानुसार शटर सोडण्याची सोय कॅननने प्रथम याच कॅमेऱ्यात दिली. आपल्याकडे विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असल्यामुळे जुन्या पद्धतीचे मेटल हॅलाइड दिवे व ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. एकाच चढाईचे लागोपाठचे फोटो एक उजळ, एक पिवळट आणि एक काळवंडलेला असे येत असतील, तर त्याचे कारण हेच. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक बिघडलेला नसतो. ७डी मार्क टूच्या सेन्सरची उंच आयएसओवरची कामगिरी आजच्या मानाने साधारण आहे, हे मान्य करूनच तो घ्यावा.

दुसरा मार्ग म्हणजे मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, कॅनन आर८. हा २०२३ साली आलेला २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा आहे. माणसाचा डोळा व चेहरा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवण्याची त्याची क्षमता जुन्या कोणत्याही डीएसएलआरपेक्षा सरस आहे. अ‍ॅडॉप्टर लावून आपली ५० मिमी लेन्स त्यावर चालेल आणि पुढे ८५ मिमी एफ १.८ घेता येईल, जी फुल फ्रेमवर जवळपास तेवढेच दृश्य दाखवते जेवढे आपल्या क्रॉप कॅमेऱ्यावर ५० मिमी दाखवत होती. ५५–२५० मात्र क्रॉप सेन्सरसाठीच बनलेली असल्याने तिचा उपयोग नाहीसा झाल्यासारखाच आहे. या कॅमेऱ्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत : बॅटरी लहान आहे, कार्डाची खाच एकच आहे, आणि पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर न वापरता सेकंदाला सहाच फोटो मिळतात. आपले काम पाहता मी सहा फोटोंच्या मर्यादेची चिंता करणार नाही. चढाईचा अवधी ३० सेकंदांचा असतो आणि त्यातले पकडीचे क्षण खेळ जाणणाऱ्याला आधी कळतात; आपण तर खेळ शिकवता. बॉडी आणि लेन्स मिळून खर्च अंदाजपत्रकाबाहेर जात असेल, तर बॉडी सेकंडहँड घ्यावी, पण लेन्समध्ये तडजोड करू नये.

सेटिंगविषयी थोडक्यात : मैदानावरचा उजेड सामनाभर बदलत नाही, म्हणून छिद्र, शटर आणि आयएसओ हे तिन्ही मॅन्युअल, म्हणजे स्वतः ठरवून, ठेवावे. मागचा काळोख कॅमेऱ्याच्या मापकाला चकवतो आणि खेळाडूंचे चेहरे पांढरे पडतात, हा दोष त्याने टळतो. छिद्र एफ २, शटर १/८०० आणि चेहऱ्याचा उजळपणा पाहून ठरवलेला आयएसओ यांवर सुरुवात करावी. फोकस सर्व्हो पद्धतीवर, म्हणजे हलत्या खेळाडूच्या मागे सतत सरकणारा, असावा. फोटो रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली माहिती) स्वरूपात काढावेत, कारण लाइटरूमसारख्या प्रणालींत २०२३ पासून आलेली दाणे कमी करण्याची नवी सोय रॉ फाइलवर विलक्षण काम करते, आणि आयएसओ ६४०० चा फोटो आता पूर्वीसारखा टाकाऊ राहिलेला नाही. दाणे नंतर कमी करता येतात. हललेला हात नंतर स्थिर करता येत नाही. दोहोंतून एक पत्करायचे असेल, तर दाणे पत्करावेत.

आणखी एक गोष्ट, कारण जाहिरातींमुळे तिच्याविषयी गैरसमज फार आहे. बॉडीत किंवा लेन्समध्ये असलेली स्थिरीकरणाची सोय फोटो काढणाऱ्याच्या हाताची थरथर सांभाळते. समोरच्या खेळाडूला ती थांबवू शकत नाही. रात्रीच्या देवळाचा किंवा रस्त्याचा फोटो घ्यायचा असेल, तर तिचे मोल मोठे आहे. कबड्डीसाठी त्या सोयीकरिता जादा पैसे देऊ नयेत.

प्रश्न : माझी मुलगी कथक शिकते. पुण्यात तिच्या वर्गाचे कार्यक्रम होतात, तेव्हा मी फोनवर फोटो काढते. फोनमध्ये नाईट मोड आहे, तरीही चक्रांचे फोटो धुरासारखे येतात. चाळीस-पन्नास हजारांत ३० पट झूमचा एखादा लहान कॅमेरा घेऊ का?

उत्तर : तो घेऊ नये. ३० पट झूमच्या लहान कॅमेऱ्यांत सेन्सर बहुधा साडेसहा मिलिमीटरही रुंद नसतो. क्रॉप सेन्सरच्या मानाने त्याचे क्षेत्रफळ तेराव्या हिश्श्याएवढे असते, आणि झूम लांबवला की लेन्सही एफ ६ च्या आसपास आकसते. उन्हात पक्षी टिपायला तो बरा. सभागृहाच्या मागच्या रांगेतून नृत्य टिपायला तो आपल्या फोनपेक्षाही कमी पडेल.

फोनच्या नाईट मोडमध्ये अनेक फोटो लागोपाठ काढून ते एकावर एक बसवले जातात. समोरचे दृश्य स्थिर असेल, तर परिणाम सुंदर मिळतो. फिरणारी नर्तकी मात्र प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असते आणि तिचा धूर होतो. म्हणून नृत्याच्या वेळी नाईट मोड बंद ठेवावा. फोनच्या कॅमेऱ्यांपैकी मुख्य कॅमेऱ्याचाच सेन्सर मोठा आणि लेन्स उघडी असते, म्हणून झूम न करता शक्य तितके पुढे बसावे. प्रो मोड (सेटिंग स्वतः ठरवण्याची सोय) असेल, तर शटर १/२५० ठेवावा.

कॅमेराच घ्यायचा असेल, तर या रकमेत क्रॉप सेन्सरची सेकंडहँड मिररलेस बॉडी शोधावी, सोनीची ए६४०० सारखी, आणि तिच्यावर मोठ्या छिद्राची प्राइम (झूम नसलेली) लेन्स लावावी. सिग्माची ५६ मिमी एफ १.४ ही लेन्स अशा कॅमेऱ्यांसाठी २०१८ पासून मिळते आणि एफ १.४ लाच ती इतके रेखीव चित्र देते, की तिची शिफारस करताना मला कधी संकोच वाटत नाही. दोन्हींचा मेळ पन्नास हजारांत बसत नसेल, तर आधी जुनी बॉडी आणि ५० मिमी एफ १.८ यांवर भागवावे.

आपल्या बाबतीत कॅमेऱ्याइतकेच महत्त्व तालाला आहे. चक्रे संपून नर्तकी समेवर येते, तेव्हा ती एका आकृतीत क्षणभर थांबते. हात पूर्ण पसरलेले असतात, मान वळलेली असते, पण घागऱ्याचा घेर अजून फिरतच असतो. त्या क्षणी १/२०० चा शटरही चेहऱ्याला पुरतो, आणि घेराची किंचित ओढलेली कड फोटोला गती देते. वर्गात बसून आपण तिच्या तिहाया, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणारे बोल, ऐकल्या असतीलच. तिसऱ्या वेळच्या बोलाच्या शेवटी बटण दाबायचे, हे कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा आपल्याला चांगले कळेल. बटण दाबणे आणि फोटो निघणे यांत फोनवर थोडा उशीर होतो, म्हणून फोनवर लागोपाठ फोटोंची सोय वापरावी आणि समेच्या किंचित आधी सुरुवात करावी.

रंगमंचावर चेहऱ्यावर प्रखर झोत आणि मागे काळा पडदा असतो. फोनला सगळे दृश्य अंधारे वाटून तो चेहरा अधिकच उजळ करतो. फोनच्या स्क्रीनवर चेहऱ्याला स्पर्श करून उजळपणा थोडा खाली ओढावा.

प्रश्न : मी मुंबईत प्रायोगिक नाटकांचे फोटो काढतो. प्रेक्षकांना आवाजाचा त्रास होऊ नये, म्हणून मिररलेस कॅमेऱ्याचा मूक शटर वापरतो. गेल्या काही प्रयोगांत फोटोंवर आडवे पट्टे आले आणि एका मारामारीच्या प्रसंगात हातातली काठी वाकडी दिसली. सेन्सर खराब झाला आहे का?

उत्तर : सेन्सर ठीक आहे. मूक शटरमध्ये पडदा हलत नाही. सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचला जातो. आजच्या बहुतेक सर्वसाधारण कॅमेऱ्यांत हे वाचन पूर्ण व्हायला सेकंदाचा पंधरावा ते साठावा भाग लागतो. आपण शटर १/५०० ठेवला, तरी पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांच्यात एवढे अंतर राहते. तेवढ्या वेळात काठी पुढे सरकते, म्हणून ती वाकडी दिसते. रंगमंचावरचे एलईडी दिवे मंद करताना प्रत्यक्षात ते सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद होतात, म्हणून काही ओळी उजेडात आणि काही अंधारात वाचल्या जातात; पट्टे येतात ते त्यामुळे.

पैसे खर्च न करता करण्यासारखा उपाय म्हणजे यांत्रिक शटर. त्याचे पडदे सेन्सरवरून फार झपाट्याने जातात, त्यामुळे काठी सरळ राहते आणि पट्टे बहुतांशी जातात. आवाज होतो, म्हणून तो प्रयोगात वापरता येत नाही. पण रंगीत तालमीत येतो. नाटकाचे चांगले फोटो रंगीत तालमीतच काढावेत, असे माझे ठाम मत आहे. प्रकाशयोजना पूर्ण असते, वेशभूषा असते, आपल्याला विंगेत आणि पहिल्या रांगेसमोर फिरता येते, आणि तिकीट काढून आलेल्या माणसाच्या नजरेसमोर कॅमेऱ्याची स्क्रीन चमकत नाही. दिग्दर्शकांशी बोलून ही सवय लावून घ्यावी.

प्रयोगातच फोटो हवे असतील, तर ज्या कॅमेऱ्यांत सेन्सर झपाट्याने वाचला जातो, त्या स्टॅक्ड सेन्सरच्या वर्गाकडे जावे लागेल. सोनीचा ए९ हा २०१७ सालचा कॅमेरा या वर्गातला आरंभीचा फुल फ्रेम कॅमेरा, आणि आपल्या कामासाठी मी सेकंडहँड बाजारात आधी त्याचीच चौकशी करीन. २४ मेगापिक्सेल, मूक शटरवर सेकंदाला वीस फोटो आणि काठीचे वाकणे जवळपास नाही. निकॉनचा झेड९ हा २०२१ चा कॅमेरा तर यांत्रिक शटर नसतानाही खेळांच्या मैदानांवर सर्रास वापरला जातो. निकॉनचाच २०२४ चा झेड६ थ्री या वर्गाच्या एक पायरी खाली, अंशतः स्टॅक्ड सेन्सरसह, तुलनेने कमी किमतीत येतो. सोनीच्या ए९ थ्रीमध्ये सगळ्या ओळी एकाच वेळी टिपल्या जातात, त्यामुळे काठीही वाकत नाही आणि पट्टेही येत नाहीत. परंतु त्याचा सर्वांत कमी आयएसओ २५० आहे, किंमत प्रायोगिक नाटकाच्या अर्थकारणाच्या पलीकडची आहे, आणि केवळ अंधुक प्रकाशातल्या चित्राच्या दर्जासाठी तो घ्यावा, असे त्यात काही नाही. स्टॅक्ड सेन्सरनेही एलईडीचे पट्टे पूर्ण जातील, अशी हमी नाही. काही कॅमेऱ्यांत शटरचा वेग अपूर्णांकात बारीक बारीक बदलून दिव्याच्या वारंवारितेशी जुळवण्याची सोय असते, ती आहे की नाही हे विकत घेण्याआधी पाहावे.

प्रश्न : सिंधुदुर्गातल्या जत्रांमधून रात्री होणाऱ्या दशावतारांचे फोटो काढायचे आहेत. कमी मेगापिक्सेलचा कॅमेरा अंधारात चांगला, असे ऐकतो. खरे आहे का? लढाईच्या प्रवेशात कोणता शटर ठेवावा?

उत्तर : मेगापिक्सेलविषयीचे हे म्हणणे आता जवळजवळ कालबाह्य झाले आहे. सेन्सरचे आकारमान आणि पिढी सारखी असेल, तर २४ आणि ४५ मेगापिक्सेलचे फोटो एकाच आकारात छापल्यावर दाण्यांमध्ये फारसा फरक दिसत नाही. २४ मेगापिक्सेलचा फायदा दुसरीकडे आहे : फाइली लहान राहतात, लागोपाठ फोटो काढताना कॅमेरा मध्येच थांबत नाही, आणि रात्रभर चालणाऱ्या आख्यानाचे फोटो साठवायला कार्डेही कमी लागतात. निकॉनचा २०२५ चा झेड५ टू मला या कामासाठी योग्य वाटतो. काळोखात फोकस धरण्याची त्याची क्षमता त्याच्या किमतीच्या मानाने फार चांगली आहे. मात्र काळोखात फोकस धरण्याचे जे आकडे कंपन्या छापतात, ते बहुधा एफ १.२ सारखी लेन्स लावून मोजलेले असतात. एफ ५.६ ची लेन्स लावून तोच अनुभव येणार नाही.

देवळापुढच्या मंडपात उजेड समोरच्या एक-दोन दिव्यांचाच असतो आणि दोन पावले मागे सरकलेले पात्र निम्म्याहून कमी उजेडात जाते. त्यामुळे कबड्डीसारखा एकच आयएसओ ठरवून चालत नाही. छिद्र व शटर ठरवून आयएसओ कॅमेऱ्यावर सोडावा आणि त्याला १२८०० ची मर्यादा घालावी. लढाईला १/५०० पुरतो. पात्रे गिरकी घेतात तेव्हा काही फोटो मुद्दाम १/३० वर, कॅमेरा पात्राबरोबर फिरवत काढून पाहावेत. मुकुटाची झळाळी आणि वस्त्रांचे रंग वाहते दिसतात. ३५ मिमी एफ १.८ ही एक लेन्स जवळून आणि ८५ मिमी एफ १.८ ही दुसरी प्रेक्षकांतून, एवढ्या दोन लेन्समध्ये सगळे काम होते.

प्रश्न : आपण सेकंडहँड घेण्याचा सल्ला नेहमी देता. कोकणातल्या दमट हवेत वापरलेला कॅमेरा घेताना काय तपासावे?

उत्तर : मोठ्या छिद्राच्या लेन्ससाठी ही तपासणी अधिक काटेकोर असायला हवी, कारण एफ १.८ ला लेन्सचा प्रत्येक दोष उघडा पडतो. लेन्स बॉडीवरून काढून, छिद्र पूर्ण उघडे ठेवून, मागच्या बाजूने टॉर्चचा उजेड पाडून समोरून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर ती बुरशी आहे. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली, तरी घेऊ नये, कारण उजेडाकडे तोंड असलेल्या फोटोंत तिच्यामुळे धुकट पडदा येतो. धुळीचे चार कण असले, तर चिंता नाही. छिद्राच्या पात्यांवर तेलाची चमक नसावी.

नंतर बॉडीवर लेन्स लावून, छिद्र पूर्ण उघडे ठेवून, वर्तमानपत्राचे पान दीड मीटरवर तिरके धरून मधल्या एका ओळीवर फोकस करावा आणि फोटो मोठा करून पाहावा. फोकस सातत्याने पुढच्या किंवा मागच्या ओळीवर जात असेल, तर डीएसएलआरच्या बाबतीत जोडी जुळलेली नाही, असे समजावे. काही बॉडींमध्ये हे दुरुस्त करण्याची सोय असते. साध्या बॉडींमध्ये नसते. मिररलेसमध्ये फोकस प्रत्यक्ष सेन्सरवरच मोजला जात असल्याने हा दोष सहसा येत नाही.

शटर किती वेळा उघडला, हा आकडा निकॉनच्या फोटोच्या माहितीतच नोंदलेला असतो. कॅननच्या अनेक मॉडेलांत तो सेवा केंद्रातून किंवा वेगळ्या सॉफ्टवेअरमधून काढावा लागतो. ७डी मार्क टू आणि निकॉन डी५०० यांचे शटर दोन लाख वेळांसाठी, तर निकॉन डी७५० आणि कॅनन ५डी मार्क थ्री यांचे दीड लाख वेळांसाठी तपासलेले आहेत. खेळांचे फोटो काढणाऱ्याकडून कॅमेरा घेत असाल, तर तो बाहेरून नवा दिसत असला, तरी हा आकडा मोठा निघू शकतो. आकडा मर्यादेच्या अर्ध्यापलीकडे असेल, तर शटर बदलण्याच्या खर्चाची जवळच्या दुरुस्ती केंद्रात आधी चौकशी करावी आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागावी. घरी आणल्यावर लेन्स चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत ठेवू नयेत. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलची पाकिटे व आर्द्रता दाखवणारे लहान मीटर घालून ठेवाव्यात. मीटरचा काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे, आणि पावसाळ्यात काटा वर सरकू लागला, की पाकिटे बदलावीत.